कापसाच्या खोलीतला मोडेम

कळंबच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की विमलताईंचं गाव लागतं. त्या साली कापसाचा भाव पडला होता. खरेदी केंद्रापुढची बैलबंड्यांची रांग पार वळणापलीकडे गेली होती. म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, पुंडलिकरावांनी, वेचलेला कापूस विकायला न नेता समोरच्या खोलीत भरला. पांढरा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत चढला. दिवाण पडवीत गेला, खुर्च्या पाटलांच्या गोठ्यात गेल्या. फोन मात्र तिथंच राहिला, कारण त्याची तार त्याच भिंतीतून आत येत होती.

विमलताईंना ती खोली आवडू लागली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरात अडकून पडलेल्या मालाचं कौतुक करणं बरं दिसलं नसतं. पण दुपारी दार लोटून घेतलं की बाहेरचे सगळे आवाज त्या ढिगात मुरून जात. उन्हाच्या पट्ट्यात बारीक तंतू वर चढत, थबकत, पुन्हा उतरत. अंगाला खाज सुटायची, ती चालायचीच. यवतमाळच्या कॉलेजात बीएस्सी करताना विमलताई वर्गाच्या खिडकीशी बसायच्या आणि प्राध्यापकांचा आवाज दूरदूर जायचा, तसंच काहीसं इथं व्हायचं. ढगात टेबल मांडून बसल्यासारखं वाटायचं.

टेबलावर अपेक्षाचा जुना लॅपटॉप होता. जर्मनीला शिकायला जाताना ती तो आईला देऊन गेली. “याच्यात विंडोज नाही, लिनक्स आहे,” ती म्हणाली होती. “त्याच्याशी नीट बोललं की तोही नीट बोलते.”

पोरीचा फोन आला की सगळं घर भोवती गोळा व्हायचं, कधी शेजारचेही यायचे. मग ती म्हणायची, “मी मजेत आहे.” इकडून पुंडलिकराव म्हणायचे, “इकडं बी सगळं बरं आहे.” फोन संपायचा. खरं काय ते मेलमध्ये असायचं. भाताची करपलेली भांडी, जिन्यात भेटूनही न बोलणारी शेजारीण, बर्फावर घसरून फुटलेला गुडघा. मेल फक्त आईचा होता.

परतीच्या पावसात वीज कडाडली आणि लॅपटॉपच्या आतला, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम गेला. तेव्हापासून विमलताईंच्या वाट्याला नुसतं ‘मजेत’ उरलं. गेल्या खेपेला तर त्यांनी विचारण्याआधीच अपेक्षा म्हणाली, “मजेत आहे.” पोरीला तिथं काय होतंय, हे कळायला एकच वाट होती, आणि तीच बंद होती.

यवतमाळहून मोडेमचा बाहेरून लावायचा डबा आणला. आता लॅपटॉपला सांगायचं होतं की आतल्याचा नाद सोड, तुझा मोडेम आता मागच्या भोकात लावला आहे. हे कसं सांगायचं, ते रविवारी अपेक्षानं फोनवर सांगितलं.

“काळी खिडकी उघडायची. मग सू लिहायचं.”

“काय लिहायचं?”

“सू. एस, यू. मग तुले घरच्या मालकिणीसारखं सगळं करता येते.”

“काय म्हणते?” पुंडलिकराव बाजूलाच उभे होते.

“काही नाही, तुमच्या कामाचं नाही,” विमलताई म्हणाल्या. तिकडे अपेक्षा हसली, आणि ते हसणं मध्येच तुटलं.

“आई, लिही. सेटिंगच्या फायलीत मोडेम म्हणून ओळ आहे, तिच्यापुढं. तिरपी रेघ, डेव्ह, तिरपी रेघ, टी टी वाय, मोठा एस, ओ. आता मी फोन ठेवते. तू करून पाह्य.”

अडचण हीच होती. तार एक. तिच्यावरून एक तर बोलायचं, नाहीतर इंटरनेट लावायचं. विचारता विचारता करून पाहायची सोय नव्हती. विमलताईंनी पेपरच्या कडेला लिहून घेतलं, सगळे पांगल्यावर दार लोटलं आणि अक्षर अक्षर लावून टाइप केलं. डब्यावरचा दिवा लागला. आवाज मात्र आला नाही. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, अशी कोणती जागा नाही.

त्यांनी केबल काढून पुन्हा बसवली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मोठा एस धाकटा करून पाहिला. अशी कोणती जागा नाही. दुपारीच तेवढी वीज असायची, ती गेली की डबाही मुका व्हायचा. वीज असेतोवर त्या रोज बसत. कधी डोळा लागायचा आणि वाटायचं, ही तार कापसातून जाते, शिवारावरून जाते, मग खूप पांढऱ्या, गप्प मुलखातून जाते, आणि शेवटी एका जिन्यात पोरगी बसलेली आहे. जाग आली की समोर तेच वाक्य.

बुधवारी दुपारी व्यापाऱ्याचा माणूस कापूस पाहायला आला. नागोराव त्याचं नाव. त्यानं कोपरापर्यंत हात ढिगात घातला, आतला पुंजका काढला, चिमटीत धागा ताणून पाहिला.

“माल झकास आहे, पुंडलिकराव. पण भाव मालक सांगन. तासाभरात फोन करतो. नंबर द्या.”

“घ्या लिहून. ओ, सेवन, टू...”

नागोरावानं तळहातावर पेन चालवलं. विमलताई चहा घेऊन पुढं झाल्या होत्या. त्या हातावर पाहता पाहता थांबल्या.

“भाऊ, यांनी ओ म्हटलं, अन् तुम्ही शून्य काढलं?”

“मग काय काढू वहिनी? फोनमंदी ओ कुठं राह्यते?”

दोघं पुरुष हसले. विमलताई हसल्या नाहीत. जन्मभर त्यांनीही शून्याला ओ म्हटलं होतं. पोरगीही इथंच बोलायला शिकलेली. ती ओ म्हणाली ते शून्य होतं, आणि आईनं अक्षर लिहिलं होतं.

नागोराव गेला तशा त्या टेबलाशी बसल्या. अक्षर खोडलं, आकडा घातला. डब्यातून आधी फोनचा तो ओळखीचा गुणगुणता सूर आला, मग आकडे टुणटुणले, मग शिट्ट्या, मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. कापसानं तो सगळा गोंगाट मऊ करून टाकला. आणि मग एकदम शांत झालं.

मेल हळूहळू उतरू लागले, एकामागून एक. आईला मिळत नाहीत हे ठाऊक असूनही अपेक्षा लिहीतच राहिली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी विमलताई ओठ हलवत वाचत गेल्या. आजार नव्हता, कुणी त्रास दिला नव्हता. एकात होतं, ‘तुले हे मिळणार नाही म्हणूनच लिहून राह्यले.’ शेवटच्यात होतं, ‘इथल्या पेपरात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बातमीत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं. एकानं विचारलं, तुझ्या घरी कसं आहे? मी म्हटलं, सगळं बरं. मले खरंच माहीत नाही. तुम्ही फोनवर सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. आई, मले करमत नाही.’

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिली ओळ आपोआपच उमटली, इकडे सगळं बरं आहे. ती त्यांनी खोडली. मग लिहिलं की कापूस समोरच्या खोलीत आहे. रांगेत उभं राहून बाबा दोनदा परत आले. ते रात्री उठून अंगणात बसतात.

दार ढकलून पुंडलिकराव आत आले. “फोन मोकळा कर ना. नागोरावचा फोन यायचा आहे, कापसाच्या भावाचा.”

“लागलं आहे इंटरनेट. थोडं थांबा.”

“तो दुसऱ्याकडं जाईन तेवढ्यात.”

“जाऊ द्या.”

असं त्या कधी बोलत नसत. पुंडलिकराव उभे राहिले, मग ढिगाच्या कडेला टेकले. कापूस त्यांच्याखाली दबला.

“काय म्हणते पोरगी?”

“करमत नाही म्हणते.”

ते धोतरावरचे तंतू एकेक करून काढत राहिले.

“लिही तिले,” ते म्हणाले. “म्हणावं, बाबाले बी नाही करमत.”

विमलताईंनी लिहिलं. मग त्यांच्याकडं न पाहताच विचारलं, “आणखी काय लिहू?”

“थांब,” पुंडलिकराव म्हणाले, आणि आठवू लागले.