डिचोलीच्या नकाशातले माड

मंडळी, आज आईला डिचोलीत जुन्या नकाशांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. मजुरांच्या वस्तीतलं तिचं माहेर कधीच रस्त्याखाली गेलं. म्हटलं, निदान कागदावर तरी दिसेल.

नकाशा आईच्या लहानपणीचा होता, आणि देखणा. नदीचं वळण अचूक, बाजारातली गल्ली न् गल्ली मोजलेली, पाण्यात रंगवलेल्या होड्या.

देवळापासून काचेवर बोट सरकवत आई एका जागी थांबली. तिथे नुसते माड होते.

"जागा रिकामी असणार. शोभेसाठी झाडं काढलीत," प्रदर्शनातला माणूस म्हणाला.

"हंयसर आमची घरां होती," आई म्हणाली. "माड एकय नव्हतो."

मग तिने चपला काढल्या, आणि उंबऱ्याला करावा तसा त्या माडांना काचेवरूनच नमस्कार केला.

तुमच्या गावच्या नकाशात कुणाच्या घरांवर झाडं काढलीत?