काचेतलं इरलं

माळ्यावरून इरलं खाली काढलं की धुरकटलेल्या पानांचा वास येतो आणि मुंबईतलं ते कलासंग्रहालय आठवतं. गावच्या सहलीचा शेवटचा दिवस होता, आई सोबत होती. तिथं काचेत आमच्या पासली गावातल्यासारखंच इरलं उलटं टांगलं होतं. खाली पाटी: ‘बाळाचा पाळणा’.

आई गाईडबाईंना म्हणाली, “बाई, ह्ये उलटं हाय. भात लावताना आमी पावसात डोक्यावर घेतो.”

बाई गोड हसल्या. “काकू, अभ्यासकांनी लिहिलंय ते.”

म्हणे अभ्यासक. एक दिवस चिखलात वाकले असते, तर पाठीनंच शिकवलं असतं.

आई माझ्याकडं वळली. “तू तरी सांग की गं यास्नी.”

मी तेव्हा कॉलेजात होते. “चल, बस सुटंल,” म्हणत मी तिचा हात ओढला.

त्या बाईंना माहीत नव्हतं. मी मात्र लहानपणापासून माळ्यावरच्या याच इरल्याखाली भात लावला होता.