पुढच्या डावापर्यंत

कंडक्टरबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे डेपोत सगळ्यांना पाठ होतं. बिनतिकिटाचा प्रवासी कितीही सुटाबुटातला असो, बाई त्याला भर बसमध्ये असा सोलायच्या की पुढच्या स्टॉपला तो निमूट उतरून चालू लागायचा. "पुढे सरका" म्हटलं की माणसंच काय, सीटखालच्या पिशव्यासुद्धा सरकायच्या. अशा या बाईंना घरी काय म्हणत असत? गाढवी! आणि हे नाव कोणा शत्रूने नव्हे, सख्ख्या थोरल्या बहिणीने चिकटवलेलं.

झालं होतं असं. लहानपणी त्यांच्या घरी प्राण्यांच्या पत्त्यांची एक डबी होती. वाघाला वाघ, हत्तीला हत्ती अशा जोड्या लावायच्या आणि एकमेकांच्या हातातला पत्ता न बघता ओढायचा. सगळ्या प्राण्यांना जोडीदार, गाढव तेवढं एकटं. शेवटी ते ज्याच्या हातात उरेल त्याने खुर्चीवर उभं राहून गाढवासारखं ओरडायचं, आणि पुढचा डाव होईपर्यंत घरादाराने त्याला गाढवच म्हणायचं. गंमत म्हणून ठीक होतं हो. पण थोरली होती बारा गावचं पाणी प्यायलेली. पत्ते धरताना त्यातला एक ती बोटभर वर काढून ठेवायची, आणि धाकटी भोळी, हाताशी आलेला तोच पत्ता ओढायची. दर वेळी गाढव.

शेवटचा डाव झाला तो घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. खुर्चीवर ओरडता ओरडता धाकटीचा आवाज फाटला, डोळे भरून आले, आणि लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी ती डबी घेऊन बहिणीपुढे बसली.

"ताई, अजून एक डाव."

"मी आता मोठी झाले. असले पोरखेळ मी नाही खेळत," थोरली म्हणाली.

संपलं! पुढचा डावच नाही, तर नाव उतरणार कसं? गाढवी, पाणी आण. गाढवीला नोकरी लागली. गाढवीचं लग्न ठरलं. नवरा बिचारा सुरुवातीला खरं नाव घ्यायचा, मग तोही सासुरवाडीच्या सुरात सूर मिळवू लागला.

"अगं, प्रेमाने म्हणतात," थोरली वर समजूत घालायची.

प्रेमाने म्हणे! मग घे ना तूच ते प्रेम, असं बाईंच्या अगदी ओठावर यायचं. पण डूख धरायचा तर गप्प राहून धरावा. चाळीसएक वर्षं बाईंनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला.

वर काढलेल्या पत्त्याची मेख त्यांना कळली ती बसमध्ये. न मागता जो तिकीट नाचवतो, त्याचंच तिकीट कालचं असतं. अशाच एकाला पकडताना बाई मधेच थबकल्या, "अगं बया, ताई!" म्हणाल्या, आणि बहिणीच्या वाटणीचंही त्या माणसालाच बोलल्या.

यंदा थोरलीच्या नातीचा वाढदिवस आला. बाईंनी शोधून शोधून प्राण्यांच्या पत्त्यांची डबी घेतली. ती कागदात गुंडाळताना त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या. थोरलीकडे परगावचे व्याही-विहीणबाई आलेले. थोरली नटूनथटून त्यांच्यापुढे मिरवत होती. नातीने कागद फाडला आणि हट्ट धरला, "आजी, तूपण खेळ!" पाहुण्यांदेखत नातीला नाही म्हणायची थोरलीची छाती नव्हती. नियम बाईंनीच समजावले. खुर्चीचा, ओरडायचा, नावाचासुद्धा. थोरलीने बहिणीकडे एकदा रोखून पाहिलं.

एकेक जण जोड्या लावून सुटला. उरल्या दोघी बहिणी. बाईंकडे हत्ती आणि गाढव, थोरलीकडे नुसता हत्ती, आणि ओढायची पाळी थोरलीची. बाईंनी हत्ती बोटभर वर काढून धरला. थोरली गालातल्या गालात हसली. मलाच शिकवतेस का, असं ते हसू होतं. तिने खालचा पत्ता ओढला. गाढव!

आता बाईंची पाळी. थोरलीने हात पाठीमागे नेले, पत्ते उलटेपालटे केले आणि पुढे धरले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एक पत्ता बोटभर वर. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खालचा ओढला. हत्ती.

"चढ, ताई," म्हणत बाईंनी स्वतः खुर्ची ओढून आणली. खोटं कशाला सांगा, इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. आता हिचा आवाज फाटेल, आता व्याही हसतील, आता हिला कळेल.

थोरली चढली. दोन्ही हातांचे लांब कान केले, मान वर केली आणि अशी काही ओरडली की खिडकीच्या काचा थरथरल्या. विहीणबाई हसता हसता सोफ्यावर आडव्या झाल्या. व्याही "वन्स मोर" म्हणून टाळ्या पिटू लागले. नात आजीच्या पायांना मिठी मारून नाचायला लागली, "माझी गाढव आजी! माझी गाढव आजी!"

बाईंचा नुसता जळफळाट झाला. आपल्या गळ्यातला धोंडा हिच्या गळ्यात पडला, तर त्याचाही हार व्हावा? थोरलीला लाजवायची कोणाची टाप होती म्हणा!

"नियम तो नियम," थोरली दिमाखात खाली उतरली. "आजपासून गाढव मी. हिची सुटका."

"मग या आजीला काय म्हणायचं?" नातीने विचारलं.

"हिला ना," थोरलीचा नवरा उत्साहाने पुढे झाला, "हिला गा..." आणि तिथेच थांबला. बाईंचा स्वतःचा नवरा केक खाण्यात एकदम गर्क झाला. थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव ठाऊक नव्हतं असं नाही हो, पण इतक्या वर्षांत ते तिच्या जिभेला कधी शिवलंच नव्हतं, आणि ऐन वेळी ते येईना. विहीणबाई हसायच्या थांबल्या. सख्ख्या बहिणीला हाक मारता येत नाही, हे व्याह्यांच्या तोंडावर दिसायला लागलं आणि थोरलीचा चेहरा खाडकन उतरला.

बाईंच्या काळजाला कसं गार गार वाटलं. नात त्यांच्याकडे बघत होती, पण नाव त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी सावकाश पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.

"आठव, ताई," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."