शालिनीच्या रक्तातलं शिसं

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगतो. माझ्या बायकोच्या, शालिनीच्या रक्तात शिसं आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला धक्का बसला नाही. तीन आठवडे माझ्या मनात तीच शंका होती, आणि मी गप्प होतो.

पीण्या या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून आम्ही लगडी पाडायचो. घर मागच्याच गल्लीत.

शालिनीचं आधी पोट दुखू लागलं. मुरडा यायचा, पण पोट साफ होईना. मग चेहरा पांढरा पडला, हातातून तांब्या निसटू लागला. हॉस्पिटलात तिला सोनोग्राफीला आत नेलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "तुमचा व्यवसाय?"

"इंजिनिअरिंग वर्कशॉप," मी म्हणालो. पीण्यात निम्मे लोक हेच सांगतात.

त्या उत्तरापायी तिची एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून नळी घालून पोट आतून पाहिलं. काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या. वेटिंग रूममध्ये माझं बूड टेकत नव्हतं. टोकन बघायला उठ, पाणी प्यायला उठ.

"अहो, दुखतंय मला आणि येरझाऱ्या तुम्ही घालताय," शालिनी म्हणाली. "बसा की स्वल्प, थोडा वेळ तरी!"

शेवटी पेरिफेरल स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लाल पेशींत निळे ठिपके दिसले. या वेळी डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं, "अक्का, घराजवळ बॅटरीचं, शिशाचं काही काम चालतं का?"

"चालतं की! यांचाच कारखाना आहे."

डॉक्टरबाईंनी फाईलमधलं माझं आधीचं उत्तर खोडलं. मग ब्लड लेड लेव्हल करायला सांगितली, म्हणजे रक्तात शिसं किती आहे त्याची तपासणी. ते पुष्कळ निघालं.

"धूर गाळून सोडता ना?"

"बॅग फिल्टर आहे," मी म्हणालो.

होताच. त्यात कापडी पिशव्यांमधून धूर गाळला जातो. पिशव्या चोंदल्या की धूर शेडमध्ये साठतो, माणसं खोकत सुटतात. त्या बदलायच्या तर भट्टी दोन दिवस थंड करावी लागते. भट्टीवरचा नागण्णा विचारायचा, "अण्णा, पिशव्या?" मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात बघू. तोवर बायपास उघड." बायपास म्हणजे धूर न गाळता सरळ चिमणीत. आतल्या माणसांना त्रास नको म्हणून करतोय, असं स्वतःला सांगायचो. कित्येक महिने तो उघडाच होता, आणि चिमणी गल्लीच्या अंगाला.

शालिनीचं चिलेशन सुरू झालं, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. हॉस्पिटलात आकडा उतरला. घरी येऊन महिना झाला आणि तो पुन्हा चढला.

"हाडांत साठलेलं थोडं रक्तात परत येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण इतकं नाही. घरी ही श्वासातून काय घेतेय?"

तेव्हा, शालिनीसमोरच, मी बायपासचं सांगितलं.

आम्ही रिक्षाने घरी आलो. घराचं कुलूप काढताना शालिनी म्हणाली, "मला रोज विचारत होतात, कसं वाटतंय, कसं वाटतंय. गल्लीतल्या पोरांना कोण विचारणार?"

दुसऱ्याच दिवशी भट्टी विझवली. ती पुन्हा पेटवलेली नाही. नागण्णाला आणि इतरांना तपासणीला घेऊन गेलो. शालिनी आता बरी आहे. तांब्या भरून आणते, पण बोटांत जोर पूर्वीचा नाही, आणि माझ्याशी बोलताना अजून मध्येच थांबते. तिने मला घराबाहेर काढलं नाही, याबद्दल कृतज्ञ आहे. तिला ते कसं सांगायचं, कळत नाही.

तुमच्या घरी असं दुखणं आलं आणि डॉक्टरांनी व्यवसाय विचारला, तर पाटीवरचं नाव सांगू नका. तिथे काय वितळतं, काय जळतं, ते सांगा. शेजारी काय जळतं, तेही सांगा. शिसं हवेत असलं तरी दिसत नाही. आम्हाला गच्चीवर फक्त करडी धूळ दिसायची, ती शालिनी रोज झाडायची.

चिमणीच्या बाजूला अकरा घरं आहेत. आठ घरी जाऊन सांगून आलो, रक्त तपासून घ्या म्हणालो. एकाने शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्या अक्कांनी कॉफी दिली. कॉफी जास्त जड गेली. उरलेल्या तीन घरांत पाच वर्षांखालची मुलं आहेत. त्या दारांपर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरलोय. त्या तीन घरांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.