चालू इंजिन बंद करणारे मास्तर

आमचे मास्तर चहा पिता पिता मध्येच टेबलावर थाप मारून ओरडायचे, "डावं गेलं!" त्याच क्षणी आम्ही उजवा पाय जमिनीत रोवायचा. चुकलं की, "काहून वं, मेली ना आता? जा, चहा आण!" नागपुरात सोनेगाव विमानतळावर ते आम्हाला दोन इंजिनांचं छोटं विमान उडवायला शिकवायचे.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "एक बंद पडलं का दुसरं वैरी होते! विमानाले एका अंगावर पाडते. वेग असला तं पायाखालच्या सुकाणूनं आवर. नसला तं चालू इंजिनाचाही गळा दाब, नाक खाली घाल, अन् समोर दिसन ते वावर आपलं."

एका सकाळी एका कारखानदार शेठजींना घेऊन आम्ही निघालो. मी मास्तरांच्या शेजारी. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली, तोच डावं इंजिन बंद पडलं. विमान डावीकडे कलंडू लागलं. मास्तरांनी उजवा पाय पार रोवला, पण वेगच नव्हता, आवरेना. मागून शेठजी किंचाळले, "दुसरं चालू आहे ना, वर घ्या!" मास्तरांनी उजव्या इंजिनाचा दांडा मागे ओढून तेही बंद केलं, विमान सरळ केलं आणि तुरीच्या वावरात पोटावर टेकवलं. शेठजींचा चष्मासुद्धा फुटला नाही हो!

आणि त्याच माणसानं तक्रार केली की, वैमानिकानं चालू इंजिन बंद केलं. चौकशीला बसलेल्या साहेबांपैकी एकानंही कधी विमानाला हात लावला नसेल. मला विचारलं, "उजवं इंजिन चालू होतं? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो, पण मास्तरांनी..."

"बसा."

झालं! ज्यानं तीन जीव वाचवले, तो बेजबाबदार ठरला. मास्तरांचं लायसन्स गेलं. अजूनही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या संध्याकाळी रडत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "मास्तर, मी 'हो' म्हटलं, म्हणून झालं हे सगळं."

"खोटं थोडीच बोलली तू," ते म्हणाले. "पण बसली काहून वं?"

चूक माझी होती, तरी चहा करायला तेच उठले.