कमलआत्याला नक्की हवं काय होतं?

"आत्या आज सकाळी गेल्या. दुपारी दोनला सोमेश्वरनगरला अंत्यविधी." कमलआत्याच्या सुनेचा, शुभांगीचा, एवढाच मेसेज 'कळंबची भावकी' या व्हॉट्सॲप गटावर आला, तेव्हा मी बारामतीत शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. गटात आम्ही एकोणीस जण. तासाभरात सात जणांनी हात जोडले, दोघांनी फुलं टाकली आणि एकानं विचारलं, "या नक्की कोण?" त्याला गटात घेणारी कमलआत्याच होती. मला त्याचा राग आला, आणि लगेच वाटलं, आपण तरी काय वेगळं केलं... दोन वर्षं आपणही हेच विचारत होतो.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या पुण्यतिथीला मी फेसबुकवर त्यांचा एकुलता एक फोटो टाकला होता. खाली नाव आणि 'कळंब, ता. इंदापूर', बाकी काही नाही. नातेवाइकांचे नमस्कार येऊन गेले आणि आठवड्यानं एका अनोळखी बाईनं खाली लिहिलं, 'हे माझे सख्खे मामा आहेत.' मला हसू आलं. आजोबा पाच भाऊ आणि बहीण एकही नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाईच्या प्रोफाइलवर चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल, गाव सोमेश्वरनगर. 'आपली काहीतरी चूक होते आहे,' असं मी कळवलं, तर उत्तरात आवाज आला. तिला टाइप करणं जड जायचं, म्हणून ती बोलून पाठवायची. "चूक न्हाय बाय. मामाच्या कानाची पाळी बघ, गालाला चिकटल्याली हाय. तुजीबी तशीच हाय, तुजा फोटू मोठा करून बघितला मी. माज्या आयची तशीच हुती."

अंगावर काटाच आला. सोमेश्वरनगरात बसून कुणी बाई माझा कान मोठा करून बघते आहे! मी तो आवाज माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला ऐकवला. तो कळंबला असतो, आमची शेती तोच बघतो. "ब्लॉक कर," तो म्हणाला. "आज मामा म्हणतीया, उद्या तलाठ्याच्या दारात उभी ऱ्हाईल." हे बोलणं काही वेडगळ नव्हतं. आमच्याकडं वंशावळ लागते ती दाखल्याला, नाहीतर वारसनोंदीला. नुसत्या मायेपोटी पणजोबांचं नाव विचारणारा माणूस आम्ही पाहिलेला नव्हता. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. तरी तो आवाज ऐकून दत्ता माझ्याकडं न बघता म्हणाला, "माई, तुला काय पायजे आसंल तर सरळ माग की. असली माणसं मदी कशाला घालतीस?" तो असं बोलला ते मला फार लागलं. पण त्या बाईवरचा माझा संशयही त्यानं कमी झाला नाही.

तरी मी तिला ब्लॉक केलं नाही. आरशात कान बघायची सवय लागली होती. शेवटी एका रविवारी शेळगावला वडिलांच्या चुलत्यांकडं, आबांकडं गेले. वय नव्वदीला टेकलेलं, पण डोकं लख्ख. मी विचारलं, तर आबांनी आधी सून आत गेली का ते पाहिलं. "हुती की. गोदी. पाच भावात येकच. नवरा मेल्यावर उसाच्या गाडीवाल्यासंगं दुसरं लगीन केलं तिनं. मग तिचं नाव घरात काढायचं न्हाय आसं ठरलं... आन खरंच कुणी काढलं न्हाय." मला वाटलं, बाई खरी ठरली, आता दत्ताच्या मनातला किंतू जाईल. तो ऐकून म्हणाला, "खरी निगाली म्हंजी जास्तच वाईट. खोटी आसती तर भागलं आसतं."

आता मी तिला आत्या म्हणू लागले होते, पण तोंडदेखलं. तिनं भावकीतली माणसं एकेक करून फेसबुकवर शोधली, त्यांचा गट केला. कुणी निघून जायचं, ती पुन्हा विनवून आत घ्यायची. मला खटकायचे ते तिचे प्रश्न. नाती-गोती ती दोन वाक्यांत उरकायची आणि मग वळायची मयतांकडं. "तुजं वडील कशानं गेलं? वय काय हुतं? मामाचं पोट फुगलं हुतं का शेवटाला?" आजोबांचं पोट फुगलं होतं. वडील पन्नाशीत, एका सकाळी बांधावर डोकं धरून बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं त्या बाईला कशाला हवं? दत्ताकडं उत्तर तयार होतं. "मेल्याल्याच्या तारखा वारसाच्या कागदाला लागत्यात."

"मी मंगळवारी-शुक्रवारी बारामतीतच आस्ते, यून बघ मला," असं ती दर खेपेला म्हणायची. एका शुक्रवारी गेले, तर तो पत्ता निघाला डायलिसिस सेंटरचा. लहानखुरी, काळीसावळी बाई, नाकात फुली, डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली. मला बघताच तिनं आधी माझा कान हातात घेतला. मग शांतपणे सगळं सांगितलं. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होत्या. आई त्याच दुखण्यानं गेली होती, भाऊ गेला होता, आणि तिचा एकुलता एक मुलगा, शुभांगीचा नवरा सुनील, चाळिशीत गेला होता. "डाक्टर म्हनलं, हे रगतातनं येतंय. म्हंजी आयकडनं आलं. म्हंजी तुमच्यातबी आसंल. ह्यात कुणाचं पोट फुगतंय, कुणाच्या डोक्यातली शीर फुटती."

हे दत्ताला सांगितलं तेव्हा तो टाळी वाजवल्यासारखा बोलला, "आता कळलं! जमीन न्हाय, बाईला किडनी पायजे." मला ते पटत होतं. रक्ताची माणसं शोधणं, तब्येतीच्या चौकशा, बारामतीत यून बघ म्हणणं... सगळं जुळत होतं.

पुढच्या शुक्रवारी मी तिला तोंडावर विचारलं. मशीन चालू होतं. ती छताकडं बघत म्हणाली, "खोटं कशाला बोलू? सुनीलपायीच शोधाय लागले हुते. नात्यात कुणीतरी दील म्हून. तवाच ते फेसबुक शिकले. पर तुमी सापडायच्या आदीच त्यो गेला."

"मग आता कशाला शोधताय?"

"आता सांगायला. पोट तपासून घ्या म्हून सांगायला." मग माझ्याकडं मान वळवून म्हणाली, "माज्यावर इस्वास ठिवू नगं. पर पोटाचा फोटू काढ."

मी तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवला. जी बाई एवढं कबूल करते ती आणखी काय लपवत असेल, असंही मनात आलं. संशयाची एकदा सवय लागली की खरेपणाचाही संशय येतो. सोनोग्राफी मात्र गुपचूप करून घेतली. माझ्यात काही निघालं नाही. दत्ता ऐकेना. आठ महिने ऐकला नाही. मग एका आरोग्य शिबिरात त्याचा रक्तदाब इतका निघाला की डॉक्टरांनी त्याला तिथंच खुर्चीत बसवून ठेवलं. इंदापूरला सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी. त्याला ते खरं वाटेना. बारामतीत दुसरीकडं केली. तिथंही तेच. दवाखान्याच्या पायरीवर तो रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसला. गोळ्या, मीठ कमी, सहा महिन्यांनी तपासणी, लवकर कळलं म्हणून पुष्कळ वर्षं हातात आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आत्याला फोन लावते," मी म्हणाले.

"नगं."

"का?"

"सांगितलं की ती नात्याची झाली," तो म्हणाला.

आणि मी ऐकलं त्याचं. पुढचे दोन महिने आत्याचा आवाज येत राहिला. "दत्तानं तपासलं का गं?" मी उत्तर द्यायची, "सांगितलंय त्याला." तिचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला होता की फोन कानाला चिकटवून ऐकावं लागे. तिनं ज्यासाठी एवढ्या लोकांचे टोमणे खाल्ले ते काम निदान एका घरात झालं होतं, आणि ते तिला कळू न देता आम्ही तिला जाऊ दिलं.

दहाव्याला मी सोमेश्वरनगरला पोचले तर दत्ता माझ्या आधीच येऊन मागं उभा होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, "पावनं कुठलं?" त्यानं खाली बघत सांगितलं, "मी आजोळकडचा." एवढंच. जेवताना त्यानं पानातलं मीठ बोटानं बाजूला सारलं.

सगळे पांगल्यावर शुभांगीनं एक शंभर पानी वही आणून दिली. "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या ताई, मला त्यातली माणसं म्हाईत न्हाईत." आत्याच्या गिचमिड अक्षरात एकेका पानावर एकेक माणूस. नाव, गाव, कान चिकटलेला की सुटा, आई-वडील कशानं गेले. आणि पानाच्या खाली, पट्टीनं आखलेल्या चौकोनात, रक्तगट.

इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ज्या शुक्रवारी मी तिला तोंडावर विचारलं, त्याच दिवशी उठताना तिनं मला माझा रक्तगट विचारला होता. सुनील गेल्यावर तिला तो कशाला हवा होता, मला अजून समजलेलं नाही. कदाचित चौकोन आखलेला होता म्हणून. कदाचित नसेलही. मी मात्र तेव्हा डोळ्यांत बघून खोटं सांगितलं होतं. माझ्या पानावर तिनं ते तसंच उतरवलं होतं... 'ए'.

मी शुभांगीकडं पेन मागितलं. 'ए' खोडला आणि शेजारी 'ओ' लिहिला.

शुभांगी उभ्यानं बघत होती. ती म्हणाली, "आमच्या ह्यांचापण ओच हुता."