परत नको म्हटलेले डबे

किस्से डब्यांच्या झाकणांसारखे असतात. कधी साठले कळत नाही, आणि एक शोधायला जावं तर दहा अंगावर कोसळतात! आमच्या डबा-मंडळाचं तर विचारूच नका. झाशीतली आम्ही पाच मराठी घरं. दर रविवारी जास्तीचा स्वयंपाक करतो आणि ज्यांना करून घालणारं कुणी नाही, त्यांना पोचवतो. काही डबे हॉस्पिटलात जातात, काही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. त्या एकट्यांपैकी एक आमचे तात्या, रेल्वेतले निवृत्त क्लार्क.

एकदा मंडळात प्रश्न निघाला, स्वस्तातले प्लास्टिकचे डबे घ्यावेत का? मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. तेव्हा मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माहीत असायचं! या डब्यांवर तात्यांचं काय अवलंबून आहे, एवढंच माहीत नव्हतं.

* * *

शैलाकाकू आमच्या मंडळाच्या प्रमुख. स्टीलचे डबे धुवा, मोजा, मागत फिरा, याला कंटाळून त्या सीपरी बाजारातून गोणीभर प्लास्टिकचे डबे घेऊन आल्या. दुकानदाराने म्हणे एक डबा फरशीवर आपटून दाखवला होता. “टूटेगा नहीं, बहनजी!”

काकूंनी घरी येऊन त्यात गरम आमटी ओतली. डबा तुटला नाही. तो बसला! एका अंगाला कलला आणि आमटी ओट्यावरून खाली. काकू तोच वाकडा डबा घेऊन तडक दुकानात गेल्या.

दुकानदाराने तो फिरवून फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “टूटा तो नहीं ना?”

त्या दिवसापासून आमटी गार करून भरायची, असं ठरलं. आजारी माणसाला गार आमटी पाठवतोय, यावर कुणी काही बोललं नाही.

* * *

मी बोलले. पुढच्या बैठकीत चांगली वीस मिनिटं बोलले. उष्णता, तेल, आंबट पदार्थ, कुठल्या प्लास्टिकमध्ये काय घालू नये, सगळं. “आपण सेवा करतोय की कचरा वाटतोय?” असं शेवटचं वाक्य मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं.

बबिन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले सुभेदारकाका पोळ्या मोजत होते. म्हणाले, “बेटा, भाषण झालं? आता पोळ्यांना कागद कापायला घे.”

काकूंनी एवढंच विचारलं, “तुझी शेंगदाण्याची चटणी कॉलेजात कशातून जायची गं?”

प्लास्टिकच्या डबीतून जायची. पिवळ्या झाकणाच्या. मी घरी येऊन ती डबी फेकून दिली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाताना चटणी कागदात बांधून नेली. तत्त्व पाळलं, पुस्तकाला मात्र तेल लागलं!

* * *

सुरुवातीला आम्ही प्लास्टिकचे डबेही परत आणून वापरायचो, पण त्यांचा वास जात नसे. एका रविवारी लसणाची चटणी भरली, पुढच्या रविवारी त्याच धुतलेल्या डब्यात शिरा. तो गेला हॉस्पिटलात, टहरौली गावच्या एका बाईंकडे. नवऱ्याच्या उशाशी चार दिवस बसून होत्या.

मी रिकामा डबा घ्यायला गेले, तर त्यांनी हळूच जवळ बोलावलं. “काए बिन्नू, तुम औरें हलुआ में लहसन डारत का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, “फेंक देतीं, अम्मा।”

“काए फेंकते? गाँव सें तो कोऊ आओ नइयाँ।”

गावाहून कुणीच आलं नव्हतं. सगळा खाल्ला होता त्यांनी.

* * *

काकूंची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या सासूबाईंचं नाव घातलेला एक स्टीलचा डबा हॉस्पिटलात गेला आणि गेलाच. पेशंटला सुट्टी मिळाली, डबा त्याच्या सामानात मऊरानीपुरला! काकू आठवडाभर हळहळत होत्या. “म्हणून म्हणते, प्लास्टिक बरं. गेलं तर गेलं.”

दोन महिन्यांनी एक माणूस पत्ता विचारत दारात आला. हातात तोच डबा, काठोकाठ हरभऱ्यांनी भरलेला.

काकू म्हणाल्या, “भैया, इसकी क्या ज़रूरत थी?”

तो म्हणाला, “खाली डिब्बा कैसे लौटाते?”

आमच्याकडेही हेच आहे. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण घालायची. लहानपणी मी एकदा रिकामा डबा परत द्यायला निघाले होते, तर आईने मला अर्ध्या जिन्यातून मागे बोलावलं होतं.

तरीही मंडळात प्लास्टिकच जिंकलं. डबा हातात देताना आम्ही सगळ्यांना एकच वाक्य सांगू लागलो, “परत नको हं, राहू द्या तुम्हालाच.” ऐकणारे खूश व्हायचे. आम्हीही.

* * *

आता तात्या. स्टीलचे डबे होते तेव्हा ते दर सोमवारी आमच्या घरी यायचे, डबा परत करायला. डब्यात त्यांच्या कुंडीतली लिंबं, नाहीतर गुळाचा खडा. डबा द्यायला एक मिनिट लागतं. तात्यांना दीड तास लागायचा! कुठली गाडी किती लेट होती, कुठल्या साहेबाने रजा नाकारली, सगळं ऐकावं लागे. “माझ्या मुला-सुनांना मराठी समजतं, पण बोलत नाहीत,” हे ते दर खेपेला सांगायचे.

प्लास्टिकचे डबे ‘परत नको’ झाले आणि तात्यांचं येणं थांबलं. परत करायला काही उरलंच नव्हतं.

मी प्लास्टिकच्या विरोधात वीस मिनिटं बोलले होते. पण खरं सांगायचं तर पहिल्या रिकाम्या सोमवारी मला बरं वाटलं. म्हटलं, सुटले!

रविवारी आम्ही दारातूनच डबा द्यायचो. आणखी आठ घरं असायची. “येतो तात्या!” म्हणेपर्यंत स्कूटर सुरू.

* * *

एका रविवारी तात्यांनी दार उघडलं नाही. सुभेदारकाकांनी खांदा लावून दार तोडलं. तात्या शुक्रवारी न्हाणीघरात पडले होते. पलंगापर्यंत कसेबसे सरकत आले होते, पण पलंगावर चढता आलं नव्हतं. शुक्रवार ते रविवार. आम्हाला पाहून म्हणाले, “आज रविवार ना? म्हटलं, रविवारी येतीलच.”

पायाचं हाड मोडलं होतं. त्यांचे कपडे घ्यायला मी परत त्यांच्या घरी गेले आणि फडताळ उघडलं.

आत आमचे डबे. सगळे. धुतलेले, पुसलेले, एकावर एक रचलेले. काहींना चिरा गेल्या होत्या, त्यांची झाकणं सुतळीने बांधली होती. मी एक उघडला. गुळाचा खडा. दुसरा उघडला. गुळाचा खडा. सगळ्यांत एकेक खडा, आणि मुंग्या.

हॉस्पिटलात मी त्यांना विचारलं, “तात्या, परत नको म्हटलं होतं ना?”

“हो, म्हणून आणले नाहीत,” तात्या म्हणाले. “पण रिकामे ठेवू कसे?”

बाहेर व्हरांड्यात शैलाकाकू उभ्या होत्या. मी त्यांना फडताळाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे स्टीलचे डबे खाली आले.

* * *

आता शेवटचा. तीन महिन्यांनी तात्या काठी घेऊन चालू लागले. एका रविवारी मी डबा द्यायला गेले, तर म्हणाले, “थांब पोरी.” आत गेले. बराच वेळ ठक, ठक. मग एक जुना स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. झाकणावर तात्यांचं नाव घातलेलं होतं. आत पोहे, गरम. स्वतः केलेले.

मी म्हटलं, “अहो तात्या, कशाला? बरं, डबा उद्या आणून देते.”

“उद्या नको,” तात्या म्हणाले.

“मग?”

“उद्या मीच येणार तुझ्याकडे, हा तुमचा डबा द्यायला. रविवारी तुम्ही येता.” त्यांनी बोटांवर वार मोजले. “माझा तू गुरुवारी आण.”